टार्नीटमध्ये घर घ्यावं का? आधी त्या प्रोफाइलमधले आकडे नीट वाचू

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघंही आयटीत, पुण्याहून मेलबर्नला आलेले, नुकतंच पीआर (कायम वास्तव्याचा व्हिसा) मिळालेलं. मुलगी पुढच्या वर्षी प्रेपला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, जाणार. मेलबर्नच्या पश्चिमेच्या टार्नीट या उपनगरात साडेसहा लाख डॉलरपर्यंत चार बेडरूमचं घर पाहताहेत, पण तयार घर घ्यावं की जमीन घेऊन बांधावं हे ठरत नाहीये. या उपनगराची प्रोफाइल, म्हणजे वेबसाइटवरची आकडेवारी, त्यांनी वाचली. वस्ती तरुण, भारतीय भरपूर, भाडं बरं मिळतं, पण किमती वर्षानुवर्षं जागच्या जागी. ऑफिसातले सहकारी सांगतात, "तो इंडियन सबर्ब आहे, तिथे भाव वाढत नाहीत." तर घ्यावं का? आणि धाकटे दीर ४८२ या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांचं नाव खरेदीत घातलं तर चालेल का?

बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करणं हा माझा व्यवसाय. मेलबर्नच्या पश्चिमेकडची उपनगरं हेच माझं कामाचं क्षेत्र असल्यामुळे टार्नीटमधल्या घरांचे अहवाल मी सतत लिहीत असतो. त्या अनुभवावरून सांगतो. टार्नीट चांगलं की वाईट, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण टार्नीट नावाची एकच एक जागा नाहीच. तुमचा खरा प्रश्न असा आहे: संपूर्ण उपनगराचे सरासरी आकडे पाहून, एका विशिष्ट रस्त्यावरच्या एका विशिष्ट घराबद्दल काय ठरवता येतं? काही गोष्टी ठरवता येतात. बऱ्याचशा येत नाहीत.

तुमचं उत्तर कशावर अवलंबून आहे तेही आधीच सांगून टाकतो. दहा-बारा वर्षं तिथेच राहायचं असेल तर हिशोब वेगळा, तीन-चार वर्षांत विकून पूर्वेकडे जायचं मनात असेल तर पूर्ण वेगळा. दोघांची ऑफिसं शहरात आहेत की एकाचं शहराच्या आग्नेयेला डँडेनाँगच्या बाजूला आहे, यावरही बरंच ठरतं. आईवडील वर्षातले सहा महिने येऊन राहणार का, यावरही. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मी तर्क कसा चालवायचा ते सांगतो. तुमचे तपशील तुम्ही त्यात बसवा.

आधी लोकसंख्या. टार्नीट ज्यात येतं त्या विंडहॅम नगरपालिकेत २०२१ च्या जनगणनेत सुमारे २,९२,००० लोक होते. २०१६ मध्ये २,१७,००० होते. एकट्या टार्नीटची लोकसंख्या त्याच पाच वर्षांत ३४ हजारांच्या वरून ५६ हजारांच्या वर गेली. या वेगाने वाढणाऱ्या ठिकाणाचा पाच वर्षांपूर्वीचा आकडा म्हणजे दुसऱ्याच गावाचा आकडा समजा. मधल्या काळात आख्ख्या वसाहती उभ्या राहिलेल्या असतात. प्रोफाइलच्या वेबसाइटी जनगणनेचेच आकडे रंगीत करून दाखवतात आणि ते कोणत्या सालचे आहेत ते अगदी बारीक अक्षरात लिहितात.

त्यातही २०२१ ची जनगणना विचित्र वेळी झाली. तारीख होती १० ऑगस्ट, मेलबर्नमध्ये लॉकडाउन होता, देशाच्या सीमा बंद होत्या. परदेशी विद्यार्थी आणि तात्पुरत्या व्हिसावरचे कितीतरी लोक देशाबाहेर अडकलेले. त्यामुळे कामावर कसे जाता, या प्रश्नाच्या उत्तरांत घरून काम करणारे फुगलेले आणि ट्रेनने जाणारे आटलेले दिसतात. टार्नीटसारख्या ठिकाणी, जिथे अर्धं आयुष्य प्रवासात जातं, तिथे त्या तक्त्यावर विसंबून "इथले लोक ट्रेन फारशी वापरत नाहीत" असा निष्कर्ष काढलात तर पहिल्याच सोमवारी प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर कळेल. भाड्याचंही तसंच. जनगणनेतलं भाडं हे त्या वेळी राहत असलेले भाडेकरू देत असलेलं भाडं असतं, त्यात जुने करारही आले. आज जाहिरातीत दिसणारं भाडं वेगळी गोष्ट सांगतं.

भारतात जन्मलेल्यांचं प्रमाण संपूर्ण ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये २.६ टक्के होतं, म्हणजे पावणेसात लाखांच्या आसपास माणसं. टार्नीटमध्ये ते याच्या कितीतरी पट आहे, आणि घरात इंग्रजीखालोखाल पंजाबी बोलली जाते. "भारतीय भरपूर" हे खरंच आहे. पण तीन वेगळे प्रश्न इथे लोक एकत्र कालवतात: जन्म कुठे झाला, घरात कोणती भाषा बोलता, आणि वंश कोणता. तुम्ही दोघं भारतात जन्मलेल्यांत मोजले जाल. मुलगी इथेच जन्मली असेल तर ती ऑस्ट्रेलियात जन्मलेल्यांत जाईल, घरी मराठी बोलली तरी. म्हणून "ऑस्ट्रेलियात जन्मलेले इतके टक्के" हा आकडा वाढलेला दिसला की वस्ती बदलली असं समजू नका. बऱ्याचदा तिथल्या घरांत पाळणे हलले एवढाच त्याचा अर्थ असतो.

आता त्या सहकाऱ्यांच्या वाक्याकडे येतो. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याचा थोडा सविस्तर समाचार घेतो. त्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. भारतातून मोठ्या संख्येने लोक यायला लागले ते २००० च्या दशकाच्या मध्यानंतर. पस्तिशीच्या आतली जोडपी, पगार बरे, पण इथे आईवडिलांचं घर नाही, बचत नवी. त्यांना परवडेल अशी नवी जमीन त्याच वर्षांत कुठे खुली होत होती? पश्चिमेला आणि उत्तरेला. २०१५ च्या जूनमध्ये टार्नीटला रेल्वे स्टेशन आलं आणि चित्र पक्कं झालं. जिथे पुरवठा होता तिथे ते गेले. भाव स्थिर राहतात ते त्याच पुरवठ्यामुळे. शेजारी आडनाव काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. चिनी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती असलेलं ग्लेन वेव्हर्ली महाग आहे, कारण तिथे नव्या जमिनीचा पुरवठा संपलेला आहे आणि तिथल्या सरकारी शाळेच्या हद्दीसाठी लोक रांग लावतात. वस्तीचा वंश पाहून भाव सांगणाऱ्याने एकदा जमिनीचा नकाशाही पाहावा.

टार्नीटची मीडियन किंमत गेली काही वर्षं साडेसहा लाखांच्या अल्याड-पल्याड घुटमळते आहे. त्याची कारणं मला कामात रोज दिसतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

पहिलं कारण नव्या जमिनीचं. टार्नीटच्या उत्तरेला आणि पश्चिमेला अजूनही शेतजमिनीचे तुकडे पाडणं सुरू आहे. पाच वर्षं जुनं, चार बेडरूमचं घर विकायला काढणाऱ्याची स्पर्धा शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या जुन्या घराशी असतेच, पण खरी स्पर्धा असते दोन किलोमीटरवरच्या विक्री-कार्यालयाशी, जिथे डेव्हलपर हाउस अँड लँड पॅकेज, म्हणजे जमीन आणि तिच्यावर बांधून द्यायचं घर असं एकत्र, विकतोय. आणि सरकारी सवलतींचं पारडं नव्याच्या बाजूला झुकलेलं आहे. व्हिक्टोरियात पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना सहा लाखांपर्यंत स्टँप ड्यूटी माफ आहे, सहा ते साडेसात लाखांत चढत्या क्रमाने लागते. तयार घर साडेसहा लाखांना घेतलंत तर सवलत धरूनही साधारण ११,३५६ डॉलर ड्यूटी भराल. तेच जमिनीचा करार वेगळा आणि बांधकामाचा करार वेगळा केलात तर ड्यूटी फक्त जमिनीच्या किमतीवर लागते. म्हणजे समजा जमीन पावणेचार लाखांची असेल तर काहीच नाही. वर नवं घर म्हणून दहा हजारांचं अनुदान, एकूण किंमत साडेसात लाखांच्या आत असेल तर. नव्या खरेदीदाराने जुनं घर का घ्यावं, याचं उत्तर विकणाऱ्याला किमतीतूनच द्यावं लागतं.

दुसरं कारण मीडियन या आकड्याच्या स्वभावातच आहे. वर्षभरात विकली गेलेली घरं किमतीच्या क्रमाने उभी केली की मधोमध येणारी ती मीडियन. दक्षिणेकडचं, हॉपर्स क्रॉसिंगला लागून असलेलं टार्नीट आधी वसलं. तिथे पाचशे-सहाशे चौरस मीटरचे प्लॉट सहज सापडतात. उत्तरेकडच्या नव्या वसाहतींत ३५० चौरस मीटर नेहमीचं, २९४ सुद्धा भरपूर. तीनशेच्या खालच्या प्लॉटांना तर वेगळे लहान-घरांचे नियम लागू होतात. आता कल्पना करा, एका वर्षी जुनी मोठी घरं जास्त विकली गेली आणि पुढच्या वर्षी नवी लहान. प्रत्येक घराचा भाव तीन टक्क्यांनी वाढलेला असेल तरी मीडियन जागेवर राहील, कदाचित घसरेलसुद्धा. म्हणून आम्ही अहवाल लिहिताना मीडियनला हात लावत नाही. त्याच भागातली, तेवढ्याच जमिनीची, तशाच बांधकामाची, गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष विकली गेलेली तीन-चार घरं शोधतो आणि त्यांच्याशी तुलना करतो.

आणखी एक गोष्ट, जी प्रोफाइलमध्ये कुठेच दिसणार नाही. हाउस अँड लँड पॅकेजमधली खरेदी नोंदणीत जाते ती मोकळ्या जमिनीची विक्री म्हणून. बांधकामाचा करार त्या आकड्यांत येत नाही. म्हणजे नव्या घरांसाठी लोक एकूण किती मोजतात ते घरांच्या मीडियनमध्ये धरलेलंच नसतं. अशा पॅकेजसाठी बँक जेव्हा आमच्याकडून "पूर्ण झाल्यावरची किंमत" मागते, तेव्हा तुलनेला पुनर्विक्रीची घरं घ्यावी लागतात, आणि कधी कधी दोन्ही करारांची बेरीज त्यांच्यापेक्षा जास्त निघते. समजा बेरीज सात लाख आहे आणि मूल्यांकन पावणेसात आलं, तर ते पंचवीस हजार तुमच्या खिशातून. पाच टक्के डिपॉझिटच्या सरकारी हमी योजनेतून जाणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण तिथे तुमच्याजवळ उशी पातळ असते. ऑक्टोबर २०२५ पासून त्या योजनेत उत्पन्नाची अट राहिलेली नाही, मेलबर्नसाठी किमतीची मर्यादा साडेनऊ लाख आहे, तुमचं बजेट आरामात बसतं.

तर तुम्ही काय पाहावं? पहिल्यांदा टार्नीटचे तुकडे करा. जनगणनेसाठी सांख्यिकी खात्यानेच ते केलेले आहेत: उत्तर टार्नीट, मध्य टार्नीट, दक्षिण टार्नीट आणि माउंट कॉट्रेलला जोडलेलं पश्चिम टार्नीट. खात्याच्या वेबसाइटवर या प्रत्येकाचं क्विकस्टॅट्स पान वेगळं मिळतं. भाड्याने राहणाऱ्यांचं प्रमाण, कर्जावर घर असणाऱ्यांचं प्रमाण, सरासरी कुटुंबाचा आकार, सगळं तुकड्या-तुकड्याने तपासा. देशभरात ३१ टक्के घरं कर्जमुक्त मालकीची आणि ३५ टक्के कर्जावर होती. टार्नीटमध्ये पहिल्या प्रकारची फारच कमी, दुसऱ्या प्रकारची खूप जास्त. याचा अर्थ असा की व्याजदर वाढला की इथला जवळजवळ प्रत्येक शेजारी एकाच वेळी खर्च आवरतो. २०२२ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेचा दर ०.१० टक्क्यांवरून दीड वर्षात ४.३५ टक्क्यांवर गेला तेव्हा कर्जाच्या कमी दराची मुदत संपलेली घरं विक्रीला येताना आम्ही पाहिली. भाव कोसळले वगैरे काही नाही, पण विकणाऱ्याची घाई किमतीत उतरते. पूर्वेकडच्या जुन्या उपनगरांत कर्ज फेडून बसलेली पिढी असते, ती विकायची थांबते. इथे थांबण्याची ऐपत कमी.

भाड्याने दिलेल्या घरांचं प्रमाण मी रस्त्या-रस्त्याने पाहतो. एखाद्या नव्या वसाहतीत गुंतवणूकदारांनी एकाच टप्प्यात घरं घेतलेली असतील तर त्यांचे भाडेकरार आणि विक्री एकाच हंगामात येतात. गुंतवणूक म्हणून पाहायचं झालं तर उदाहरणादाखल गणित करा: साडेसहा लाखांचं घर, आठवड्याला ४८० डॉलर भाडं, म्हणजे वर्षाला २४,९६०. ढोबळ परतावा ३.८ टक्के. त्यातून एजंटचं कमिशन, विमा, नगरपालिकेचा कर आणि व्हिक्टोरियाचा लँड टॅक्स वजा करा. २०२४ पासून त्याची मर्यादा तीन लाखांवरून पन्नास हजारांवर आणली आहे, त्यामुळे जमिनीची किंमत साडेतीन लाख धरली तर वर्षाला दीड हजार जातात. स्वतः राहणार असाल तर हा टॅक्स नाही. तुम्ही राहायलाच घेताय, तेव्हा हे फक्त दहा वर्षांनंतरच्या विचारासाठी. पहिल्या घराची ड्यूटी-सवलत घेतली की ताबा मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत राहायला जाऊन सलग बारा महिने राहावंच लागतं, "आधी भाड्याने देऊ, मग बघू" चालत नाही.

स्टेशन. टार्नीटची ट्रेन ही शहरी विजेची ट्रेन नाही. जीलाँगच्या मार्गावरची व्ही/लाइनची डिझेल गाडी आहे. शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला साधारण अर्ध्या तासात पोहोचवते, पण गाड्यांमधलं अंतर जास्त आणि गर्दी भरपूर. या मार्गाचं विद्युतीकरण करण्याच्या घोषणा २०१८ मध्ये झाल्या होत्या. मी त्यांना एक पैशाची किंमत लावत नाही आणि तुम्हीही लावू नका. पश्चिम टार्नीटचं नवं स्टेशन मात्र खरोखर बांधलं गेलं आहे, त्याच्या चालत जाण्याच्या अंतरातले रस्ते वेगळे धरा. उत्तरेच्या टोकावरून गाडीने जाणार असाल तर स्टेशनच्या पार्किंगमध्ये सकाळी साडेसातला जागा मिळते का, हे एखाद्या मंगळवारी स्वतः जाऊन बघा. वेरिबी मार्गावरची विल्यम्स लँडिंग आणि हॉपर्स क्रॉसिंग ही विजेच्या गाडीची स्टेशनं आहेत. दक्षिण टार्नीटमधले अनेक जण तिकडेच जातात, आणि हे दक्षिणेकडच्या किमतीत दिसतं.

शाळेचं अंतर मोजू नका, हद्द तपासा. व्हिक्टोरिया सरकारच्या "फाइंड माय स्कूल" नकाशावर पत्ता टाकला की नेमून दिलेली सरकारी शाळा कळते. नव्या उपनगरात नवी शाळा उघडली की हद्दी बदलतात, म्हणून पुढच्या वर्षाची हद्द पाहा, कारण तुमची मुलगी पुढच्या वर्षी जाणार. नववीपासूनची निवड-परीक्षेची सुझान कोरी शाळा वेरिबीत आहे. आपल्याकडचे पालक तिच्या नावाने घर शोधतात, पण तिथे प्रवेश परीक्षेवर मिळतो, जवळ राहिल्याने नाही. मुलगी पाच वर्षांची आहे, आत्ता तो विषय बाजूला ठेवा.

जमिनीबद्दल मराठी माणसाला एक गोष्ट चटकन समजेल. मेलबर्नचा पश्चिम भाग लाव्हाच्या पठारावर आहे. खाली बेसॉल्ट, वर फुगणारी-आटणारी चिकणमाती. आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, तोच प्रकार. इथल्या अभियंत्यांच्या वर्गवारीत असे प्लॉट बहुतेक एच-१, एच-२ किंवा पी या वर्गात येतात. त्यामुळे पाया भक्कम लागतो आणि खडक फोडायचा खर्च वेगळा. नवं बांधणार असाल तर "साइट कॉस्ट" (प्लॉट बांधकामाला तयार करण्याचा खर्च) करारात निश्चित रकमेने लिहून घ्या, अंदाजाने नाही. तयार घर घेणार असाल तर पावसाचं पाणी भिंतीलगत साचतंय का, पन्हळीचं पाणी कुठे जातं, भिंतीला चिकटून मोठं झाड लावलंय का, दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय का, एवढं तुम्हीसुद्धा पाहू शकता. बाकीचं बिल्डिंग इन्स्पेक्टर बघेल. त्याचे पाच-सातशे डॉलर वाचवू नका. २०२३ मध्ये इथला एक मोठा बिल्डर बुडाला तेव्हा अर्धवट घरं घेऊन बसलेली कुटुंबं बातम्यांत सगळ्यांनी पाहिली. बांधकामाच्या डिपॉझिटचा चेक देण्याआधी बांधकाम-विम्याचं प्रमाणपत्र हातात आलंय का ते बघा.

वास्तूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. टार्नीटमध्ये पूर्वाभिमुख प्लॉट आधी संपतात, दक्षिणाभिमुख घर विकायला जास्त दिवस लागतात, एजंट हे उघड बोलतात. मी अहवालात दिशेसाठी रक्कम वाढवत-घटवत नाही, विक्रीच्या आकड्यांत तो फरक स्वच्छ दिसल्याशिवाय. पण एक लक्षात घ्या, इथे दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून येतो. दक्षिणाभिमुख घराची मागची बाजू, म्हणजे बसायची खोली आणि अंगण, उत्तरेला येते आणि हिवाळ्यात दिवसभर ऊन मिळतं. वास्तू मानत नसाल तर ही घासाघीस करायची नामी संधी आहे. विकताना मात्र पुढचा खरेदीदार मानणारा असू शकतो. तळमजल्यावर एक बेडरूम आणि बाथरूम असलेलं दुमजली घर इथे पटकन जातं, कारण आईवडील येऊन राहतात. या गोष्टीला मात्र मी किंमत देतो, विक्रीत ती दिसते.

आता प्रत्यक्ष घर पाहायला जाल तेव्हा एजंटकडून "स्टेटमेंट ऑफ इन्फर्मेशन" घ्या. व्हिक्टोरियात ते देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात अपेक्षित किंमत, उपनगराची मीडियन आणि तुलनेची तीन घरं असतात: गेल्या सहा महिन्यांतली, दोन किलोमीटरच्या आतली. मीडियन सोडून द्या, ती तीन घरं प्रत्येकी गाडीने जाऊन बघा. ती खरोखर तशीच आहेत का? एजंट कधी मोठ्या प्लॉटचं, स्टेशनजवळचं घर तुलनेला लावतो. मग विकणाऱ्याने द्यायची सेक्शन ३२ कागदपत्रं कन्व्हेयन्सरला, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम पाहणाऱ्याला, दाखवा. वसाहतीचे निर्बंध त्यात असतात: कुंपण कसं, समोरचा भाग कसा, पुढे दुसरं घर बांधता येईल की नाही. मोठा प्लॉट घेऊन नंतर दोन घरं करण्याचं स्वप्न अशा निर्बंधांत अडकतं. समोरच्या मोकळ्या मैदानावर काय होणार ते सरकारच्या व्हिकप्लॅन नकाशावर बघा. एजंट "पार्क" म्हणतो, नकाशावर कधी मोठा रस्ता निघतो. लिलावाखेरीज केलेल्या खरेदीत सही केल्यावर तीन कामाचे दिवस माघार घेता येते, किमतीच्या ०.२ टक्के सोडून. लिलावात ही सोय नाही.

तयार घर की बांधायचं, यावर माझं मत विचाराल तर: राहायलाच घेताय आणि दहा वर्षं धरून आहात, तर मी दक्षिण किंवा मध्य टार्नीटमधलं आठ-दहा वर्षं जुनं, साडेचारशे चौरस मीटरच्या वर जमीन असलेलं, स्टेशनला चालत किंवा एका बसने जाता येईल असं घर आधी बघेन. ड्यूटीचे अकरा हजार भरावे लागतील, अनुदान मिळणार नाही, तरी. कारण आजूबाजूला नवी जमीन संपलेली असल्याने तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोर डेव्हलपरची जाहिरात नसेल. चार वर्षांत हलायचं असेल तर मी घेणारच नाही, भाड्याने राहीन. येता-जाता ड्यूटी आणि एजंटचं कमिशन यातच सगळी वाढ खाल्ली जाईल. उत्तरेच्या टोकाला नवं घर बांधणं वाईट नाही. फक्त तिथे जे मिळतं ते नवं घर, मोकळी हवा आणि आपल्यासारखे शेजारी. ती किंमत राहण्याच्या सुखाची समजून द्या, वाढीची अपेक्षा धरून नाही.

राहिला दिरांचा प्रश्न. ४८२ हा तात्पुरता व्हिसा आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तींना जुनं, म्हणजे आधी वापरलेलं घर घेण्यावर बंदी आहे. नवं घर किंवा मोकळी जमीन परदेशी गुंतवणुकीची मंजुरी काढून घेता येते. पण व्हिक्टोरियात त्यांच्या हिश्श्यावर परदेशी खरेदीदार म्हणून आठ टक्के जादा ड्यूटी लागेल. साडेसहा लाखांच्या घरात त्यांचा तिसरा हिस्सा धरला तर सतरा हजारांच्या वर. पती-पत्नींपैकी एक पीआर असेल तर जी सवलत मिळते ती दिरांना लागू होत नाही. शिवाय पाच टक्के डिपॉझिटच्या योजनेत कर्जावरचे सगळे जण नागरिक किंवा पीआर असावे लागतात, म्हणजे त्यांचं नाव आलं की ती योजनाच हातातून जाते. त्यांना मदत करायचीच असेल तर ते पैसे भेट म्हणून देताहेत की उसने, हे कागदावर लिहा आणि बँकेला तसंच सांगा. उसने असतील तर बँक ते कर्जात धरेल. घरावर नाव तुम्हा दोघांचंच राहू द्या. त्यांचं पीआर झालं की पहिल्या घराच्या सवलती त्यांच्यासाठी शाबूत असतील, आज नाव घातलं तर त्या त्यांनी वापरून संपवल्यासारखं होईल.

घराचा पत्ता नक्की झाला की प्लॉटचा आकार, बांधकामाचं वर्ष आणि तुलनेची तीन घरं इथे लिहा. एजंटने सांगितलेल्या किमतीबद्दल तेव्हा नेमकं बोलता येईल.